उज्ज्वलाच्या नावावरची माझी सहा पानं

उज्ज्वला गेल्याची बातमी मला व्हॉट्सअॅपवर कळली. आमच्या क्लासच्या शिक्षकांचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी साडेआठला कुणीतरी लिहिलं, ‘गायकवाड मॅडम एक्सपायर्ड. ओम शांती.’ ज्या घरात रोज बुद्धवंदना होते त्या घराला ओम शांती. त्याखाली एकामागून एक जोडलेले हात आले आणि हातांच्या त्या रांगेतच कुणीतरी विचारलं, की बदलापूर शाखेची साडेदहाची बॅच आज कोण घेणार आहे. ती बॅच माझीच होती. मी ‘मी घेतोय’ असं टाकलं, शर्ट चढवला आणि गेलो. दोन तास पोरांना पत्त्यांच्या जोडातून एक्का निघण्याची संभाव्यता शिकवली. एक विनोदही केला, पोरं हसलीसुद्धा. दुपारी मोरिवलीला तिच्या घरी पोचलो तेव्हा तिला नेलेलं होतं. दारात चपलांचा ढीग होता आणि आत बायका बसल्या होत्या. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि रिक्षा पकडून घरी आलो. तिला डोक्याच्या आत रक्तस्राव झाला होता. पहाटेच्या शिकवणीत फळ्यावर काहीतरी लिहिता लिहिता बसली, ती उठलीच नाही.

याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला तेव्हा ‘गणितावर प्रेम करणारी शिक्षिका’ अशा धर्तीचं काहीतरी हवं होतं. तसं मला लिहिता येईल, आमच्या धंद्यात असले मजकूर चहा होईपर्यंत लिहून होतात. पण मग ती जन्मभर जे करायची नाही ते मी तिच्यावरच्या लेखात करीन. ती खात्री केल्याशिवाय एक रेघ ओढायची नाही. म्हणून जे झालं ते आणि जसं झालं तसं लिहितो. वाचून माझ्याबद्दल कुणाचं मत बिघडलं, तर ते बिघडायलाच हवं होतं.

आम्ही उल्हासनगरच्या कॉलेजात बीएस्सीला एका बाकावर होतो. तिचे वडील एमआयडीसीत फिटर, घर मोरिवलीत, कंपन्यांच्या भिंतीला लागून. घराला इतका उग्र वास यायचा, की पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नाकाला रुमाल लावला आणि तिच्या आईनं तो पाहिला. उज्ज्वला नंतर म्हणाली, “विलास, आम्हाला आता वास येतच नाही. ज्या दिवशी तो नसतो त्या दिवशी मात्र जाणवतं, की संप आहे.” वर्गातली निम्मी मुलं तिच्या वहीवरून उतरवून पास झाली, त्यात मीही होतो. तिच्या वहीत प्रत्येक समीकरणाला आलेख असायचा. प्राध्यापकांनी काढा म्हटलेलं असो वा नसो, ती ग्राफपेपरचे तुकडे कापून डिंकानं चिकटवायची. मला ते सगळं फालतू वाटायचं. उत्तर आलं ना, मग पुढचं गणित घ्या, असा माझा स्वभाव. मी वेगवान होतो आणि त्या वेगाचा मला माज होता.

बहुपदीचा वक्र अक्षांना कुठे कुठे भेटतो, म्हणजे इंटरसेप्ट कसे काढायचे, हा तिचा आवडता भाग. बारावीच्या पोरांना हा भाग दोन तासांत उरकायचा असतो, ती त्याला आठवडा द्यायची. आधी एक्सच्या जागी शून्य ठेवायचं. सगळी एक्सवाली पदं गळून पडतात आणि शेवटचा आकडा तेवढा उरतो, तो वाय-अक्षावरचा इंटरसेप्ट. “हा फुकटचा आहे, घेऊन टाका,” ती पोरांना सांगायची, “एक्सवाल्यांसाठी मात्र घाम गाळायचाय.” मग सगळी बहुपदी शून्याबरोबर मांडायची, अवयव पाडायचे, मुळं काढायची. इथवर सगळेच शिकवतात. तिची खरी शिकवणी इथून पुढे सुरू व्हायची. मुळं मिळाली म्हणून लगेच ठिपके जोडायचे नाहीत. मुळांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांच्या पलीकडे अक्षाचे जे तुकडे पडतात, त्या प्रत्येक तुकड्यातली एक किंमत घालून बघायची, वक्र तिथे अक्षाच्या वर आहे की खाली. एखादं मूळ दोनदा आलं असेल तर वक्र तिथे अक्ष ओलांडत नाही, शिवतो आणि मागे फिरतो. शिवाशिवी खेळताना पोरं भिंतीला हात लावून परत पळतात, तसा. तिच्या वर्गात हे न तपासता रेघ ओढलेली दिसली, की ती वही परत द्यायची, काही न बोलता.

मी तिला चिडवायचो, की लग्नासाठी स्थळ आलं तर त्यालाही शून्य घालून बघशील. तर म्हणाली, “घातलं. काहीच उरलं नाही.” तिनं लग्न केलं नाही. वडील गेले, धाकट्या भावाचं, सिद्धार्थचं शिक्षण, मग आईचं आजारपण... पण त्याबद्दल कधी रडगाणं गायली नाही. हसायची मोठ्यानं, बायकांनी असं हसू नये असं ज्यांना वाटतं त्यांना ऐकू जाईल इतकं.

पुढे आम्ही दोघंही एकाच कोचिंग क्लासमध्ये लागलो. अंबरनाथला मोठी शाखा, बदलापूरला दुसरी. माझ्या बॅचमध्ये उभं राहायला जागा नसायची. मी ट्रिक्स शिकवायचो. चार पर्यायांतले तीन कसे उडवायचे, गणित न सोडवता उत्तर कसं हुंगायचं. पोरं मला ‘शॉर्टकट सर’ म्हणायची आणि मला ते नाव आवडायचं, हे सांगायला आज लाज वाटते. तिची बॅच लहान असायची. पण ज्यांना खरंच गणित करायचं होतं अशी पालेगावची, बारवीकडच्या पाड्यांवरची पाच-सात पोरं माझ्या बॅचमधून उठून तिच्या बॅचला जाऊन बसायची. मला ते दिसायचं. मी हसून सोडून द्यायचो, पण आतून झोंबायचं.

अकरा वर्षांपूर्वी क्लासनं स्वतःचं पुस्तक काढायचं ठरवलं. बारावीच्या गणिताची मार्गदर्शिका, मुखपृष्ठावर आम्हा दोघांची नावं. प्रकरणं वाटून घेतली. बहुपदींचं प्रकरण अर्थातच तिचं, आणि तिनं आग्रह धरल्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव. पुस्तक छापायला उल्हासनगरला लछूभाऊ नावाच्या सिंधी गृहस्थांच्या छापखान्यात जायचं होतं. आणि नेमकी तेव्हा तिची आई दवाखान्यात. शेवटची सहा पानं, सोडवलेली उदाहरणं आणि आकृत्या, लिहायची राहिली होती. मीच म्हणालो, “मी लिहितो ती सहा पानं. नाव तुझंच राहू दे, प्रकरण तुझं आहे.” तिनं मला तिची जुनी वही दिली, सगळी उदाहरणं त्यातूनच घे म्हणाली. दवाखान्याच्या जिन्यात उभी होती, हातात औषधांची पिशवी. तशातही म्हणाली, “आणि प्रत्येक तुकड्यात एक किंमत घालून बघ हं.” मी म्हटलं, “बघतो गं बाई, जा तू वर.”

मी बघितलं नाही. दोन लेक्चरांच्या मधल्या वेळात, स्टाफरूममध्ये वडापाव खाता खाता मी ती सहा पानं लिहिली. तिची वही उघडली होती, पण उतरवत बसायचा कंटाळा आला. म्हटलं, उदाहरणं आपली आपणच घालू, त्यात काय आहे. एक्सचा घन वजा तीन एक्स अधिक दोन. अवयव पाडले. मुळं आली, एक आणि उणे दोन. त्यातलं एक हे मूळ दोनदा येतं. म्हणजे वक्र तिथे नुसता शिवून वर परतायला हवा. मी तो सरळ ओलांडून खाली नेला आणि वर ठळक अक्षरात वाक्य लिहिलं, की वक्र एक्स-अक्ष दोन ठिकाणी ओलांडतो. एक्सच्या जागी दोन घालून बघितले असते तर आठ वजा सहा अधिक दोन, चार येतात. चार म्हणजे अक्षाच्या वर. आणि माझा वक्र तिथे खाली चालला होता. नववीतल्या पोराला कळेल अशी चूक. पण मला सगळं येत होतं ना... ती पानं मी तिच्या वहीलाच टाचणीनं टोचली आणि सगळा गठ्ठा लछूभाऊंकडे पाठवून दिला.

पुस्तक पोरांच्या हातात गेलं आणि दोनेक महिन्यांत कॉलेजच्या पूर्वपरीक्षेत त्याच बहुपदीचा आलेख काढायला आला. आमच्या पोरांनी पुस्तकात बघून पाठ केलेला आलेख जसाच्या तसा उतरवला आणि सगळ्यांचे मार्क गेले. पालक चिडले. आपल्या मुलाचा आलेख चुकला याचं दुःख थोडं, फी भरून चुकला याचं जास्त. क्लासच्या संचालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पुस्तक उघडं होतं, चुकीच्या आकृतीभोवती लाल गोल. “हे प्रकरण कुणाचं?” त्यांनी विचारलं. खरं म्हणजे प्रश्नच नव्हता, डोक्यावर नाव छापलेलं होतं. तरी त्यांनी विचारलं.

उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं.

मला वाटतं, दोन श्वास होतील इतका वेळ. पुढच्या महिन्यापासून गणित विभागाचं प्रमुखपद कुणाला द्यायचं हे ठरायचं होतं आणि ते मला मिळणार असं सगळे म्हणत होते. मी पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे बघत मूग गिळून बसलो. मग ती म्हणाली, “प्रकरण माझं आहे, सर. मी निस्तरते.” संचालक म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” आणि मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाही माहीत नाही, पण हलवली.

इतक्यावर थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण बाहेर जिन्यात तिनं मला गाठलं. आवाज चढवला नाही, इतकंच विचारलं, “विलास, ते उदाहरण कुठून घेतलंस?” आणि मी म्हणालो, “तुझ्याच वहीतून उतरवलं गं. वहीत तसंच होतं.” हे माझ्या तोंडून इतक्या सहज आलं, की क्षणभर मलाच खरं वाटलं. तिचा चेहरा पडला. ती पुटपुटली, “माझ्या वहीत?... कॉलेजातल्या?” मी म्हटलं, “होतं बाबा कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस.” वर तिच्या पाठीवर थोपटलं. ज्या बाईनं आयुष्यात एक रेघ न तपासता ओढली नाही, तिला मी तिच्याच वहीबद्दल संशयात पाडलं आणि वर धीरही दिला.

पुढचे तीन दिवस ती उल्हासनगरला लछूभाऊंच्या छापखान्यात जात होती. दुरुस्त आलेखाच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि प्रत्येक प्रतीत स्वतःच्या हातानं चिकटवल्या. मी मदतीला गेलो नाही, लेक्चरं होती. नंतर तिच्याकडे फक्त नापासांची बॅच दिली गेली आणि पुढच्या जूनमध्ये तीही दिली गेली नाही. वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं, बस. ते वेळापत्रक विभागप्रमुखानं, म्हणजे मी, लावलेलं होतं. तिनं एकदाही विचारलं नाही. मोरिवलीतल्या पुढच्या खोलीत फळा लावला आणि कामगारांच्या पोरींना शिकवायला लागली. शेवटपर्यंत तेच करत होती. आणि अंबरनाथच्या शिक्षकांत मात्र इतकी वर्षं एक वाक्य फिरत राहिलं, की गायकवाड मॅडम चांगल्या हो, पण त्या पुस्तकात काय घोळ घातला होता बघा. माझ्यासमोर कुणी हे बोललं की मी म्हणायचो, “जाऊ द्या हो, माणूस आहे, चुकतं.” लोकांना त्यात माझा मोठेपणा दिसायचा.

ती गेल्यावर आठवड्यानं मी अंबरनाथ पूर्वेला चौकात उतरलो तर समोर फ्लेक्स. ‘आमच्या आधारस्तंभ, गणितज्ञ उज्ज्वला गायकवाड मॅडम यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली क्लासचं नाव, शाखांचे पत्ते आणि यंदाच्या प्रवेशाची शेवटची तारीख. जिला वेळापत्रकातून पुसलं, ती मेल्यावर आधारस्तंभ झाली. पण माझे पाय थबकले ते त्यामुळे नाही. तिच्या फोटोमागे फिकट निळ्या रेषांत एक आलेख टाकला होता. अक्ष, ठिपके, वक्र. उणे दोनपाशी वर येणारा, आणि एकपाशी अक्ष ओलांडून खाली जाणारा. माझा आलेख. मेल्यावरही तिच्या चेहऱ्यामागे माझी चूक उभी केली होती, आणि तिची म्हणून.

मी तिथूनच संचालकांना फोन लावला. म्हटलं, सर, फ्लेक्सवरचा आलेख चुकीचा आहे, उतरवायला सांगा. ते म्हणाले, “अहो सर, डिझाईन आहे ते. ग्राफ कोण बघतंय चौकात?” मी म्हटलं, मॅडमनी बघितला असता. ते म्हणाले, “मॅडम कुठे आहेत आता?” आणि फोन ठेवला. आयुष्यभर ज्या धंद्याची मी भाकरी खाल्ली त्याचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आहे.

शेअर रिक्षानं उल्हासनगरला गेलो. लछूभाऊंच्या छापखान्यात आता शाईचा वास नाही, एक मोठं फ्लेक्सचं मशीन आणि एसी आहे. लछूभाऊ म्हातारे झालेत पण गल्ल्यावर बसतात. मी म्हटलं, भाऊ, मॅडमच्या बॅनरवर हा आलेख कुणी टाकला? ते म्हणाले, “पोरगं डिझाईन करतं साईं, जुन्या फाईलीतून उचललं असेल. पुस्तक आपणच छापलं होतं ना.” मी जरा तावातावानं म्हटलं, की ही तीच चुकीची आकृती आहे, यावरूनच मॅडमना एवढं सोसावं लागलं. लछूभाऊंनी चष्मा काढला. माझ्याकडे नीट बघितलं.

“सर, मॅडम का नहीं था वो,” ते म्हणाले. “आपका था. अक्षर आपका था ना. मॅडम आल्या होत्या तेव्हा चिठ्ठ्या छापायला. म्हणाल्या, लछूभाऊ, मूळ कागद दाखवा. मी पूर्ण गठ्ठा दिला. वही उघडून बसल्या इथे, ह्या स्टुलावर. एक-एक पान बघितलं. वहीत ते गणित नव्हतंच, मीपण बघितलं. दुसरी गणितं होती, सगळी बरोबर. मग टाचणी लावलेली पानं बघितली. आपकी वाली. मैं बोला, मॅडम, ये तो सर का लिखा हुआ है, फिर आप क्यों चिपका रहे हो? मॅडम बोली, चहा सांगा लछूभाऊ.”

मी विचारलं, पुढे काय म्हणाल्या? “कुछ नहीं. चहा पिया. वही घेऊन गेल्या. तुमची पानं इथेच ठेवली, म्हणाल्या, ही माझी नाहीत.”

अकरा वर्षं मी असं धरून चाललो होतो, की तिला माझी थाप पटली. चूक आपल्याच वहीत होती असं समजून ती गप्प बसली. मला त्याचं वाईट वाटायचं, पण त्या वाईट वाटण्यात एक सोय होती. तिला माहीतच नाही म्हटल्यावर सांगायची घाई नव्हती. सांगू कधीतरी, दोघंही म्हातारे झालो की, हसत हसत. आणि ती थाप तीन दिवसही टिकली नव्हती. तिनं खात्री करून घेतली होती, नेहमीसारखी. लछूभाऊंनी पाणी दिलं. फ्लेक्स बदलून देतो म्हणाले, पण संचालकांच्या परवानगीशिवाय चढवता येईना. चौथ्या दिवशी त्यावर एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला आणि तो प्रश्न आपोआप मिटला.

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मागच्या रविवारी मी मोरिवलीला गेलो. सिद्धार्थनं दार उघडलं. तो आता तिथल्याच एका कंपनीत सुपरवायझर आहे, केस पांढरे झालेत. पुढच्या खोलीत फळा तसाच आहे, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. याच खोलीत मी दर वर्षी बारावीच्या निकालानंतरच्या रविवारी दुपारी यायचो, पेढे घेऊन. तिच्या पोरींचे मार्क ऐकायचे, सरबत प्यायचं, जुन्या प्राध्यापकांच्या नकला करायच्या आणि तासाभरानं निघायचं. निघताना ती दारापर्यंत यायची आणि म्हणायची, “आणखी काय, विलास?” मी म्हणायचो, बाकी सगळं ठीक. त्या एका भेटीवर मी मैत्री टिकवली असं समजत होतो आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

मी सिद्धार्थला म्हटलं, तुझ्याशी बोलायचंय, एकट्याशी. त्यानं पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. मग म्हणाला, “सर, एक विचारू? तुम्ही यायचात ना निकालानंतर, तेव्हा ताई आम्हाला सगळ्यांना बाहेर पाठवायची. मला, हिला, पोरांना. तुम्ही कधी बघितलंत का आम्हाला तेव्हा घरात? म्हणायची, विलास येणारे, त्याला काहीतरी बोलायचंय माझ्याशी, तुम्ही असलात तर बोलणार नाही. दर वर्षी. परत आलो की मी विचारायचो, बोलले का सर? ती म्हणायची, नाही रे, पुढच्या वर्षी बोलेल.”

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास मी खाली ठेवला. अकरा उन्हाळे. मे महिन्यात मोरिवलीतले पत्रे इतके तापतात, की हात लावता येत नाही. आणि ही माणसं पोरांना घेऊन कुठेतरी झाडाखाली बसत होती, मला खरं बोलता यावं म्हणून. मी आत बसून प्राध्यापकांच्या नकला करत होतो.

“काय होतं ते, सर?” सिद्धार्थनं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. “थांबा. एकट्याला नको.” त्यानं आत हाक मारली. संगीतावहिनी आल्या, हात पदराला पुसत. मुलगी आली, मुलगा आला. सगळे समोर जमिनीवर बसले आणि सिद्धार्थ म्हणाला, “आता सांगा. आता कुणी बाहेर जाणार नाही.”

मी सांगितलं. सहा पानं, वडापाव, केबिन, माझी मान हलवणं, जिन्यातलं खोटं. काही लपवलं नाही, फळ्यावर तो आलेखही काढून दाखवला, आधी माझा चुकीचा आणि मग बरोबर. सांगायला किती वेळ लागला असेल? पाच मिनिटं. फार तर सहा. सांगून झाल्यावर मी तसाच खडू धरून उभा राहिलो. मला वाटलं होतं सिद्धार्थ ओरडेल, घराबाहेर काढेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. पण तो फळ्याकडे बघत राहिला. बोलल्या त्या वहिनी. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“एवढंच होतं, सर?” त्या म्हणाल्या. “एवढ्याचसाठी ताई आम्हाला दर वर्षी उन्हात पाठवायच्या?”

मी म्हटलं, हो वहिनी. एवढंच होतं.